ताळेबंदाची परीक्षा

गुंतवणुकीचे विश्लेषण आणि रोखेसंचाचे व्यवस्थापन हा विषय शिकावयास हैदराबादइतके समर्पक शहर भारतात दुसरे नसेल. उस्मानिया विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत तो शिकविला जातो. १९८४ साली येथेच स्थापन झालेल्या ‘इक्फाय’ संस्थेने वित्तीय विश्लेषकांचा अभ्यासक्रम काढून अनेक तरुणांना या व्यवसायाची वाट दाखविली. शहराचा स्वतःचा शेअरबाजार मात्र २००७ साली मान्यता गमावून बसला, हा दैवदुर्विलासच! तथापि आम्ही हैदराबादला समर्पक म्हणतो ते या कारणांसाठी नव्हे.

या शास्त्राचा पाया हॅरी मार्कोविट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५२ साली एका लेखाने घातला आणि १९९० साली तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. त्याचा सिद्धान्त आपल्याकडील बागायतदारास गणितावाचूनही उमगेल. कुळागरात नारळ, पोफळी, केळी, मिरी अशी नाना पिके असतात; एकाचा भाव पडला तर दुसरे सावरून घेते. परंतु मिरीचा वेल पोफळीवरच चढविलेला असतो. पोफळ मोडली की वेलही गेला! पिके किती हे मोजून भागत नाही. कोणते पीक कोणाबरोबर बुडते, हे पाहावे लागते. एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने म्हापसा अर्बन बँकेचा परवाना रद्द केला. मुदतठेव, आवर्तठेव, बचतखाते असे सारे ज्याने तेथेच ठेवले असेल, त्याच्यापाशी पुस्तके तीन होती. जोखीम एकच होती. पाच लाखांपर्यंतचे विम्याचे कवच होते म्हणून बरे.

आता हैदराबादकडे वळू. ७ जानेवारी २००९ रोजी ‘सत्यम कॉम्प्युटर’चे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून कबुली दिली, की ताळेबंदात दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांच्या रोख व बँकशिलकेपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. तिमाहीचा कामकाजी नफा ६४९ कोटी दाखविला होता. खरा होता ६१ कोटी. नसलेल्या पैशावर ३७६ कोटींचे येणे व्याजही मांडलेले होते! त्या एका दिवसात समभागाने तीन-चतुर्थांशाहून अधिक मोल गमावले. आदल्याच वर्षी या कंपनीस उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता आणि तिचे हिशेब नामांकित लेखापरीक्षकांनी तपासलेले होते.

येथे मार्कोविट्झ कामास येतो, पण अर्धाच. ज्याच्या संचात सारख्या वजनाचे पंचवीस समभाग होते, त्याचे सत्यमपायी शेकडा तीनच्या आसपास नुकसान झाले, तो तरला. ज्याची सारी पुंजी सत्यममध्ये होती, तो बुडाला. परंतु पंचविसांपैकी कोणते आकडे खोटे आहेत, हे ते गणित सांगत नाही. ते आकडे खरे मानूनच चालते.

आमचा आक्षेप आहे तो नेमका परीक्षेच्या पद्धतीवर. प्रश्नपत्रिकेत नफा ‘दिलेला’ असतो, जोखीम ‘दिलेली’ असते. विद्यार्थ्याने सूत्र लावून उत्तर काढावयाचे. ‘दिलेले’ कोणी दिले, असे विचारण्यास गुण नाहीत. वस्तुतः सत्यमचा कारकून-बुद्धीनेही घ्यावा असा एक संशय होता: एवढी रोकड हाताशी असताना ती नुसती पडून का? आणि त्या रोकडीची पावती बँकेकडून थेट मागवून कोणी पडताळली होती काय?

एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्याच विशेष न्यायालयाने राजू यांच्यासह दहा जणांना दोषी ठरविले. त्यांनी वरच्या न्यायालयात दाद मागितली व शिक्षा स्थगित झाली. ती कायद्याची बाजू. विद्यापीठाने करावयाचे ते सोपे आहे: सत्यमचे २००८ चे वार्षिक अहवाल, कबुलीचे पत्र वाचावयास देण्यापूर्वी, विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत आणि हे समभाग घ्यावेत की नाही, ते सकारण लिहावयास सांगावे.