एनएफएल : गेल्या वर्षीचे गुण पाहून यंदाचा अंदाज का फसतो?

एनएफएलचा हंगाम सप्टेंबरमध्ये सुरू होतो. पण कोणत्या संघाचे आक्रमण गाजणार, यावर अमेरिकेतल्या फँटसी लीगमध्ये त्याआधीच पैसे लागलेले असतात. सोपा मार्ग म्हणजे गेल्या वर्षीचे गुण पाहायचे. तोच अनेकदा दगा देतो.

अटलांटा फाल्कन्सचेच बघा. २०१६ मध्ये १६ सामन्यांत ५४० गुण, लीगमध्ये अव्वल. क्वार्टरबॅक मॅट रायन हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू. पुढच्या वर्षी रायन तोच, त्याचा हुकमी रिसीव्हर ज्युलिओ जोन्सही तोच. गुण मात्र ३५३!

बदलले काय? आक्रमणाचे डावपेच आखणारे काइल शॅनहन सॅन फ्रान्सिस्कोचे मुख्य प्रशिक्षक झाले. पण सगळे खापर त्यांच्या जाण्यावर फोडता येत नाही. त्यांच्या नव्या संघाचे गुणही पहिल्या वर्षी ३०९ वरून ३३१ पर्यंतच गेले. खरी गोम दुसरीकडे होती. २०१६ मध्ये रायनला संरक्षण देणारे पाचही लाइनमन सगळे १६ सामने एकत्र उतरले. इतक्या धडकाधडकीच्या खेळात हे दुर्मीळच. त्याचे फक्त ७ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, पुढच्या वर्षी १२. यात कौशल्य असते, तसे नशीबही असते. आणि नशीब दरवर्षी साथ देत नाही.

त्यामुळे गुणांआधी लाइन टिकली का, डावपेच आखणारा तोच आहे का, हे पाहावे. तरीही दुखापत कोण ओळखणार? २००७ मध्ये ५८९ गुण करणाऱ्या पेट्रियट्सचा टॉम ब्रॅडी पुढच्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला. त्या वर्षी संघाचे गुण ४१० झाले.