घर टिकते ते हाकेला ओ दिल्याने

रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर भगिनी बसतात, तेव्हा एक वाक्य आम्ही हमखास ऐकतो: “मारत नाही, पीत नाही, पण माझ्याशी बोलतच नाही.” त्यावर कुणीतरी म्हणते, “मग तुला कमी काय आहे?” आणि विषय तिथेच संपतो. आज आरोग्याच्या पानावर आम्ही तोच विषय घेतला आहे. घरातला अबोला मनाला लागतो, तशी झोप आणि भूकही बिघडवतो.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टर्नबर्ग यांनी १९८६ मध्ये प्रेमाचे तीन भाग सांगितले: ओढ, जवळीक आणि बांधिलकी. स्वतः जमवलेल्या लग्नात बहुधा ओढ आधी असते, तर पाहून ठरवलेल्या लग्नात बांधिलकी आधी येते. जवळीक मात्र दोन्ही घरांत हळूहळू कमवावी लागते. ओढ काळाबरोबर कमी-जास्त होते, म्हणून ‘प्रेम संपले’ असे लगेच समजू नये.

जवळीक कमवायची कशी? सिएटलचे जॉन गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचे बोलणे-वागणे पाहिले आणि सहा वर्षांनी त्यांची पुन्हा चौकशी केली. ज्यांचा संसार टिकला, त्यांनी जोडीदाराच्या हाकेला १०० पैकी ८६ वेळा ओ दिली होती. जे वेगळे झाले, त्यांनी फक्त ३३ वेळा.

ही हाक साधीच असते. “आज नळाला पाणीच आलं नाही,” हीसुद्धा हाकच. विरार लोकलमध्ये लोंबकळत मीरा रोडला उतरलेला माणूस मोबाईलमध्ये डोके घालून नुसते ‘हं’ म्हणतो, तेव्हा ती वाया जाते. “साहेबाने आज सगळ्यांसमोर झापलं,” असे तो सांगतो, तेव्हा ती त्याची हाक असते. “मग काय झालं?” एवढे विचारले तरी पुरे.

गॉटमन यांनी नाते पोखरणाऱ्या चार सवयीही सांगितल्या: माणसालाच नावे ठेवणे, तुच्छ लेखणे, चूक कधीच न मानणे आणि भिंतीसारखे गप्प होणे. यांत सर्वांत घातक तुच्छ लेखणे. “तुला काय अक्कल आहे?” हे वाक्य एका खोलीच्या घरात मुलेही ऐकतात. बाहेरच्या जगाने आपल्या पिढ्यांना तुच्छ लेखले, ते आपण सोसले आणि त्याविरुद्ध लढलो. मग तेच घरात का चालू द्यायचे? सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली. त्यांत पहिले पत्नीचा सन्मान करणे आणि दुसरे तिचा अवमान न करणे.

रमाईंचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. बाबासाहेबांनी १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आणि त्यांच्या मनाच्या थोरवीची व सोसण्याची नोंद त्यात केली. आपला जोडीदार तर समोर बसलेला आहे. त्याच्या, तिच्या कष्टांची नोंद आज जेवतानाच तोंडाने करावी. रोज दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवावा आणि एकमेकांचा दिवस कसा गेला ते विचारावे.

मात्र घरात मारहाण किंवा धमकी असेल, तर गोड बोलून सोसत राहू नका. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. मन खचले असेल, तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर स्त्री-पुरुष कुणीही मोफत बोलू शकते.