दूरस्थ पाठाचा आरंभ

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली आणि फोनवरून पाठ देण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर अकस्मात ओढवला. आता शाळा नियमित भरतात. तथापि अतिवृष्टीने ओढ्यास पूर आला की तोच प्रसंग पुन्हा उभा राहतो. यास्तव त्याची तयारी शाळा चालू असतानाच करणे इष्ट होय.

आरंभ यंत्रापासून नव्हे, हजेरीपटापासून करावा. प्रत्येक नावापुढे टिपावे : घरी स्मार्टफोन आहे काय, तो कोणाचा, व घरी किती वाजता असतो. पुष्कळ घरी फोन एकच, आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो.

प्रस्तुत लेखकाने आपला पहिला पाठ याच अज्ञानाने वाया घालविला. इयत्ता चौथीस अपूर्णांक शिकविण्यासाठी सकाळी अकरा वाजता थेट पाऊण तास बोललो. पटावर मुले सव्वीस. दिसली सहा, शेवटी उरली दोन. पुढे तोच पाठ पाच मिनिटांच्या ध्वनिसंदेशात सांगून सायंकाळी सातनंतर पाठविला, आणि भाकरीचे चार भाग करून त्यांचे चित्र वहीत काढावयास सांगितले. वह्यांची छायाचित्रे येऊ लागली. एका मुलाने लहानमोठे चार तुकडे काढून प्रत्येकावर ‘पाव’ असे लिहिले होते! ‘समान भाग’ ही कल्पनाच त्याला उमगली नव्हती, हे तेव्हा कळले. थेट पाठात ते कळते ना.

ध्वनिसंदेशास डेटाही चित्रफितीहून पुष्कळच कमी लागतो. थेट पाठ घेणे झालेच, तर केंद्र शासनाच्या २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेतील मर्यादा ध्यानी ठेवावी : पहिली ते आठवीस दिवसाला तीस ते पंचेचाळीस मिनिटांची दोनच सत्रे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ‘दीक्षा’ अ‍ॅपने टिपल्यास तयार साहित्य मिळते. मात्र ते स्वतः पाहिल्यावाचून मुलांकडे धाडू नये.

ज्यांच्या नावापुढे फोनचा रकाना रिता राहील, त्यांचा विचार प्रथम करावा. त्यांच्यासाठी हाताने लिहिलेली स्वाध्यायपत्रिका आधीच दप्तरात द्यावी, आणि शेजारच्या घरी फोन असल्यास पालकांच्या संमतीने दोघांची जोडी लावावी. वहीच्या पानाचे स्पष्ट छायाचित्र कसे घ्यावे, हे सर्वच मुलांना एखाद्या शनिवारी वर्गातच शिकवावे. शिक्षकाचा एक फोन त्यास पुरतो.