घराण्यातली साखर आणि पायाची जखम



"आमच्या घराण्यातच साखर आहे. आज्याचा पाय गेला, वडिलांचा गेला, आता माझाही जाणार. नशिबातलं चुकतंय होय?" असे बोलणे गावोगाव कानी येते. यात खरे किती हे समजून घेणे जरूर आहे. कारण नशिबावर भार टाकणारा माणूस पायाकडे बघायचेच सोडून देतो.

मधुमेह घराण्यात चालतो हे खरे. २००६ साली आइसलँडच्या शास्त्रज्ञांना 'टीसीएफ७एल२' या जनुकाचा मधुमेहाशी संबंध आढळला. पुढच्याच वर्षी पुणे व हैदराबाद येथील संशोधकांनी तोच संबंध भारतीय रुग्णांतही दाखवून दिला. पायाच्या जखमेबाबतही शोध चालू आहे. स्कॉटलंडमधील रुग्णांचा अभ्यास करून डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली 'एमएपीके१४' या जनुकाकडे बोट दाखविले. शरीरात दाह होतो, सूज येते, त्या कामाशी हे जनुक निगडित आहे. मात्र ते असले की पाय जातोच, असा याचा अर्थ नव्हे. धोका थोडा वाढतो, एवढेच.

जनुके म्हणजे आपले बेणे समजा. को ८६०३२ चे एकच बेणे दोघा भावांनी लावले, तरी एकाला एकरी टनेज चांगले मिळते आणि दुसऱ्याचे पीक हातचे जाते. फरक पडतो तो पाण्याचा, खताचा आणि निगराणीचा.

पायाचेही तसेच. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा बधिर होतात. धसकट लागले तरी कळत नाही. रक्तवाहिन्या अरुंद होऊन पायाला रक्त कमी पोचते, त्यामुळे जखम भरत नाही. त्यात जंतू शिरले की पाय सडू लागतो. विडी-तंबाखू ओढणाऱ्याचे हाल आणखी वाढतात.

म्हणून मधुमेही सभासदांनी एवढे करावे :

१) रोज रात्री तळपाय व बोटांच्या बेचक्या पहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा, नाहीतर घरच्यांना बघायला सांगावे.

२) फडात अनवाणी जाऊ नये. पायताण घालण्याआधी आत हात फिरवून खडा-काटा बघावा.

३) बधिर पायाला शेक देऊ नये. कुरूप ब्लेडने कापू नये.

४) वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा टेकवून संवेदना बघतात. त्यात सुई नाही, दुखणे नाही.

५) जखम दिसली, पाय लाल किंवा गरम वाटला, तर हंगाम संपायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

घराण्याचे बेणे कुणाला बदलता येत नाही, निगा मात्र आपल्या हातात आहे. ज्याच्या घरी आधी पाय गेला आहे, त्याने तर ती दुप्पट ठेवावी.