छंदाची वस्तू आणि दुकानदाराचा शब्द



राधानगरीत व्याख्यान आणि विषय ग्राहकाचा, म्हटल्यावर काहींना वाटलं असेल की हे गृहस्थ खत-बियाण्यांच्या दुकानांवर बोलणार. तो विषय मोठाच आहे. पण आज मी जरा रिकामपणचा वाटणारा प्रश्न घेतलाय. छंदासाठी लागणारी वस्तू विकत घेताना आपल्या पैशांचं चीज झालं की नाही, हे कशावरून ठरवायचं? उदाहरणं दोनच घेतो. एक दुर्बिणीचं, कारण अभयारण्य तुमच्या दाराशी आहे. दुसरं तंबोऱ्याचं, त्यासाठी मिरजेपर्यंत जावं लागेल.

आधी एक फरक लक्षात घ्या. घरात तवा आणायचा असेल तर आजी तो हातात घेते, बोटानं वाजवते आणि सांगते, चांगला आहे की नाही. तिचं तव्याचं ज्ञान खरेदीच्या आधीचं आहे, चाळीस वर्षांच्या भाकरीतून आलेलं. छंदाच्या वस्तूचं नेमकं उलट असतं. दुर्बीण कशी असावी हे कळतं केव्हा? दोन-तीन वर्षं दुर्बीण वापरल्यावर! म्हणजे ज्ञान नंतर येतं आणि पैसे आधी जातात. सगळी अडचण या मधल्या अंतरात आहे.

मग खरेदीच्या वेळी ज्ञान आणायचं कुठून? आमच्या न्यायदर्शनानं ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुकानात ही चारही उपयोगी पडतात बघा.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः डोळ्याला लावून पाहणं. दुकानाच्या आत नव्हे, बाहेर येऊन. लांबचा विजेचा खांब किंवा देवळाचा कळस पाच मिनिटं बघा. एकाचे दोन दिसले, डोळ्यांवर ताण आला, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. चष्मा असेल तर चष्म्यासकट बघा.

अनुमान म्हणजे आकड्यांवरून निष्कर्ष. दुर्बिणीवर ८ × ४२ असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. सव्वापाच येतात. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा. १० × २५ ची दुर्बीण खिशात मावते, पण तिचा झोत अडीच मिलिमीटरचाच. उघड्या माळावर भर दुपारी ती चालेल. दाजीपूरच्या दाट झाडीत सकाळी सहाला, पानाआडचा धनेश शोधताना, ती अंधार दाखवेल. मोठा पहिला आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, ही समजूतही सोडा. दहापटीच्या पुढे हाताची थरथरसुद्धा तितक्याच पटीनं मोठी होते. आणि छोट्या, स्वस्त दुर्बिणीवर ३० × ६० छापलेलं दिसलं तर मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी पुढच्या भिंगावर धरा. साठ मिलिमीटर म्हणजे सहा सेंटिमीटर. तेवढं भरलं नाही, तर खोटं काय ते पट्टीनंच सांगितलं.

उपमान म्हणजे ओळखीच्या गोष्टीशी सारखेपणा बघून नवी गोष्ट जाणणं. काटेकोर शास्त्रार्थ बाजूला ठेवून इथं एवढंच म्हणू, की एखाद्या अनुभवी निरीक्षकाची दुर्बीण दहा मिनिटं मागून घ्या आणि मग नवी तिच्या शेजारी ठेवून बघा.

आता चौथं, शब्द. भरवशाच्या माणसाचं सांगणं. अशा माणसाला शास्त्रात 'आप्त' म्हणतात. वात्स्यायनानं न्यायभाष्यात आप्ताच्या दोन अटी घातल्यात. एक, त्यानं ती वस्तू स्वतः नीट जाणलेली असली पाहिजे. दोन, जसं जाणलं तसंच सांगण्याची त्याची इच्छा असली पाहिजे. तो पुढं म्हणतो की हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेच्छाला सारखंच लागू. म्हणजे दुकानदारालाही लागू! ग्राहकसेवा या शब्दाची याहून नेमकी व्याख्या मला सापडलेली नाही. हसतमुख बोलणं, चहा, 'सर, आपलंच दुकान' हे सगळं ठीक. पण हा माणूस वस्तू जाणतो का? आणि जाणतो ते सांगतो का?

यात एवढं गंभीर काय, असं कुणी म्हणेल. सांगतो. आमच्या एका निवृत्त स्नेह्यांनी हौसेनं दुर्बीण घेतली. दोन-तीनदा रानात गेले आणि कपाटात ठेवून दिली. म्हणाले, "आता नजर गेली, वय झालं." नजर उत्तम होती. दुर्बिणीच्या नळ्या तिरक्या होत्या. विकणाऱ्यानं तक्रार ऐकून सांगितलं होतं, "सवयीनं जमेल." बघा, नुकसान पैशांचं झालं ते झालंच. पण एका माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास गेला. नवशिक्याला दोष आपला की वस्तूचा हे कळत नाही, आणि भला माणूस तो दोष आपल्याकडे घेतो. म्हणून छंदाच्या दुकानातली खरी सेवा एकच: दोष कुणाचा, हे प्रामाणिकपणे सांगणं.

इथं मिरजेकडे वळू. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथं ही कारागिरी एकोणिसाव्या शतकापासून, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तंबोऱ्याचा भोपळा, खुंट्या, तारा सगळं ठीक असूनही नाद मिटल्यासारखा येतो. कारण जवारी. तारा ज्या घोडीवरून जातात तिच्या पृष्ठभागाला अगदी बारीक बाक दिलेला असतो, त्यावर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून नाद खुलवतात. वाजवून वाजवून घोडी झिजते आणि जवारी पुन्हा काढावी लागते. हा वस्तूचा दोष नव्हे, तिचा धर्मच आहे. नव्या विद्यार्थ्याला मात्र वाटतं, आपला कान कच्चा. जाणता कारागीर तंबोरा हातात घेतो, छेडतो आणि सांगतो: "कान ठीक आहे, जवारी गेलीय." किंवा "वाद्य ठीक आहे, तुम्ही दोरा सरकवायला शिका." अशा वस्तूची विक्री पैसे दिल्यावर संपत नाही, तिथून सुरू होते.

किंमत आणि मोल यांतला फरकही यातूनच कळतो. समजा, अडीच हजारांची दुर्बीण दोन फेऱ्यांनंतर कपाटात गेली. फेरीला साडेबाराशे पडले. बारा हजारांची दहा वर्षं वापरली, तर महिन्याला शंभर रुपये. पण महाग ते चांगलं असा अर्थ काढू नका. इथल्या पावसात, दमट हवेत, बारा हजारांच्या भिंगालाही बुरशी धरते, आणि बुरशी बहुधा वॉरंटीत बसत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दुर्बीण ठेवा, असं जो आपणहून सांगतो, त्याला दोन पैसे जास्त द्या.

आणि शब्द पाळला नाही तर? कायदा आहे. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा आला, तो जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा. सदोष माल बिलावरच्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीही तशीच. ऑनलाइन खरेदीही यात येते, आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी तक्रार आपल्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा. कायदा पैसे परत देईल. गेलेली हौस मात्र तो परत देऊ शकत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न: इथं गावात दुर्बिणीचं दुकानच नाही, मग ऑनलाइनशिवाय उपाय काय?)

प्रश्न रास्त आहे. ऑनलाइन घ्या, पण एकट्यानं घेऊ नका. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तिच्यामागचा विचारच हा की एकटा ग्राहक दुबळा असतो, संघटित ग्राहक नसतो. चार जणांनी मिळून एक चांगली दुर्बीण घ्या. आल्या दिवशीच चौघांनी तपासा, परत करण्याची मुदत संपायच्या आत. एकाला दोन प्रतिमा दिसल्या तर कदाचित डोळा असेल. चौघांना दिसल्या तर दुर्बीणच! वाचनालयात, शाळेतही अशी एक दुर्बीण असावी. जो आधी शिकेल त्यानं पुढच्याला सांगावं, जाणलं तसंच. आप्त काही दुकानातच मिळतो असं नाही, तो आपल्यालाही होता येतं.

इथंच थांबतो.