टेबलावरचा शेक खान्देशच्या बाईला कधी?

स्तनाच्या कर्करोगाची गाठ लवकर सापडली, तर बहुतेक वेळा संपूर्ण स्तन काढण्याची गरज नसते. गाठ तेवढी काढायची आणि उरलेल्या स्तनाला किरण द्यायचे. आपल्याकडे बाया त्याला ‘शेक’ म्हणतात.

घोडे इथेच अडते. हा शेक आठवड्यातून पाच दिवस, असा तीन ते सहा आठवडे चालत आला आहे. यावल-रावेरच्या केळीबागेत किंवा साक्री-शिरपूरच्या शिवारात रोजाने जाणारी आपली भगिनी तेवढे दिवस नाशिक-मुंबईत राहणार कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब! महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार होतील. बुडालेली मजुरी कोण देणार? मग फेऱ्या नकोत म्हणून अख्खा स्तन काढला जातो. हा निर्णय वैद्यकशास्त्र घेत नाही, दारिद्र्य घेते.

यावर तोड काढणाऱ्यांत गोवा मेडिकल कॉलेजात शिकलेले, मुंबईच्या टाटा रुग्णालयात काम केलेले डॉ. जयंत वैद्य आहेत. लंडनमध्ये मायकेल बॉम व जेफ्री टोबायस यांच्यासह त्यांनी ‘टार्गिट’ पद्धत विकसित केली. गाठ काढल्यावर त्याच पोकळीत यंत्राचे गोल टोक ठेवायचे, वीस-तीस मिनिटे आतूनच किरण द्यायचे आणि टाके घालायचे. पहिली शस्त्रक्रिया १९९८ साली झाली. पुढे २,२९८ स्त्रियांवर चाचणी झाली. तिचे दीर्घकालीन निष्कर्ष २०२० साली आले. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचे प्रमाण टार्गिटमध्ये २.११ टक्के, नेहमीच्या शेकात ०.९५ टक्के होते. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही.

अर्थात ही जादू नव्हे. चाचणीतल्या स्त्रिया ४५ वर्षे वा त्याहून मोठ्या, गाठी लहान. सुमारे पाचातल्या एकीला नंतर बाहेरूनही शेक द्यावा लागला. आणि आपल्या वस्त्यांत लाजेपायी गाठ दाखवलीच जाते उशिरा! तपासणी दारापर्यंत आली नाही, तर यंत्र आणून उपयोग काय?

तरीही हे किरण कमी शक्तीचे असल्याने त्याला जाड भिंतींची खास खोली लागत नाही. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचे शासकीय महाविद्यालय यांचा विचार मग का होऊ नये? यंत्र महाग आहे, असे उत्तर येईल. येऊ द्या. ब्रिटनमधील ‘फास्ट-फॉरवर्ड’ चाचणीने २०२० साली दाखवले, की बाहेरून दिलेला एका आठवड्यातला पाच दिवसांचा शेकही तीन आठवड्यांच्या शेकाइतकाच रोग रोखतो. त्याला नवे यंत्र लागत नाही, आहे त्यावरच देता येतो. आपल्या आमदारांना आधी एवढेच विचारा: हा पाच दिवसांचा शेक जिल्ह्यातल्या गरीब बाईला शासकीय खर्चाने कुठे मिळतो?