चहाचे दुकान काढताना

परवा आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "गुरुजी, फाट्यावर चहाचं हाटेल टाकतोय. आशीर्वाद द्या."

आम्ही म्हणालो, "आशीर्वाद आहेच रे. पण आधी वही-पेन्सिल घे. हिशेब मांडू."

त्या दिवशी जे बोलणे झाले, तेच तुमच्यासाठी इथे लिहीत आहोत.

जागा

दुकान काढण्याआधी चार दिवस फाट्यावर बसा. सकाळी किती माणसे थांबतात, दुपारी किती, ते मोजा. बाजारच्या दिवशी गर्दी होते. ती रोजची धरू नका. जागा कोणाची आहे, हे ग्रामपंचायतीत विचारा. सरकारी रस्त्यावर टाकलेली टपरी कधीही उठवली जाते. मग पैसा मातीत जातो.

सामान

शेगडी, दोन पातेली, किटली, गाळणी, दोन डझन ग्लास आणि दोन बाकडी. सुरुवातीला एवढे पुरे. कॉफी मागणारे थोडे असतात. त्यांच्यासाठी एक लहान डबा ठेवा.

घरचा गॅस दुकानात जाळू नका. तो गुन्हा आहे. दुकानासाठी 19 किलोचा वेगळा सिलिंडर मिळतो.

पैसा कमी पडला तर सावकाराआधी बँकेत जा. 2015 साली मुद्रा योजना सुरू झाली. तिच्यात पहिल्या पायरीला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळते. त्याला तारण लागत नाही. पण कर्ज ते कर्जच. ते फेडावे लागते.

कायदा आणि स्वच्छता

अन्नसुरक्षेचा कायदा 2006 साली झाला. त्याप्रमाणे लहान टपरीचीही नोंदणी करावी लागते. अर्ज संगणकावर भरतात. जमत नसेल तर जाणत्या माणसाला बरोबर घ्या. मात्र वाचल्याशिवाय सही करू नका. आता तुम्हाला वाचता येते ना?

पाणी झाकून ठेवा. एकाच बादलीत दिवसभर ग्लास बुचकळू नका. वाहत्या पाण्याने धुवा. आणि ग्लास विसळायला चौदा वर्षांखालचे पोर कामाला ठेवू नका. कायद्याने ते चालत नाही. त्या पोराची जागा शाळेत आहे.

हिशेब

समजा, एक लिटर दूध आणि तेवढेच पाणी घेतले. त्यात साधारण 20 लहान चहा होतात. दूध 60 रुपये, साखर 7, चहापूड 16, आले 2 आणि गॅस 10. झाले 95 रुपये. म्हणजे एका चहाला पावणेपाच रुपये खर्च. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. ते घालून पाहा.

एक चहा 10 रुपयांना विकला. दिवसाला 100 चहा खपले. 1,000 रुपये आले. त्यातले 475 मालाला गेले. भाडे, लाइट, फुटलेले ग्लास यांना 150 गेले. उरले 375. ही तुमची दिवसभराची मजुरी.

आता त्या शंभरात 20 चहा उधारीचे निघाले, तर 200 रुपये हातात आले नाहीत. 375 मधले राहिले 175. म्हणजे शंभरात वीसच चहा उधार गेले, पण निम्म्याहून जास्त कमाई अडकली! उद्याचे दूध मात्र रोखीनेच आणायचे.

उधारी

इथे आमची एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या गावात पूर्वी एक चांगले हॉटेल होते. आम्ही शाळा सुटल्यावर तिथे बसायचो. "लिहून ठेव," म्हणायचो आणि उठायचो. एके दिवशी ते हॉटेल बंद झाले. मालक मजुरीला जाऊ लागला. पुढे त्याची वही आम्ही पाहिली. तिच्यात गावातली मोठमोठी नावे होती. आमचेही नाव होते. पुढे 340 रुपये लिहिले होते.

आम्ही म्हणालो, "अरे, मागितले का नाहीस?"

तो म्हणाला, "गुरुजींकडं कसं मागू?"

पैसे आम्ही त्याच दिवशी दिले. पण बंद झालेले हॉटेल काही उघडले नाही.

म्हणून सांगतो, लहान माणूस उधारी बुडवतो असे नाही. ज्याच्याकडे मागायला जीभ रेटत नाही, त्याचीच उधारी जास्त थकते. पहिल्या दिवसापासून पाटी लावा : 'रोख द्या, आनंदाने प्या.' मोबाइलवरून पैसे आले तर तेही वहीत लिहा. गल्ल्यातून घरखर्चाला पैसे उचलले तर तेही लिहा. रोज रात्री वही पाहूनच झोपा.

विद्यार्थ्याने सगळे लिहून घेतले. उठता उठता म्हणाला, "गुरुजी, उद्घाटनाला या. पहिला चहा तुमचा."

आम्ही म्हणालो, "येतो. पण दहा रुपये घेणार असशील तरच."